मय्यत उचलणारे कुठल्या यादीत होते?

'लस आली होती, तुमचेच लोक घेत नव्हते,' असे आम्हाला आजही ऐकवले जाते. ऐकवणाऱ्यांत शिकलेले आहेत, आणि खोटे कशाला बोला, आपल्यातलेही आहेत. भीती होती, हे आम्ही नाकारत नाही. पण ज्यांना भीती नव्हती, त्यांना पहिल्या रांगेत कोणी उभे केले?

१६ जानेवारी २०२१ ला आरोग्य कर्मचाऱ्यांपासून लसीकरण सुरू झाले. फेब्रुवारीत पोलीस, महसूल, नगरपालिकेचे कर्मचारी. १ मार्चला साठीच्या पुढचे आणि पंचेचाळिशीपुढचे आजारी. या क्रमाबद्दल आमची तक्रार नाही. गोम यादीत होती. ज्याचे नाव कुठल्या तरी दवाखान्याच्या किंवा कचेरीच्या पटावर, तोच 'योद्धा'.

गडबपासून नागोठण्यापर्यंत आमच्या गावांतली कब्रस्ताने जमातीची. तिथे पट नाही, पगार नाही. कब्र खोदतात ती गावचीच पोरे. कोणी रिक्षा चालवतो, कोणी गवंड्याच्या हाताखाली जातो. दवाखान्यातून पिशवीत बांधून आलेल्या मय्यतीला गुस्ल नव्हता. मार्च २०२० च्या केंद्राच्या सूचनांनी मनाईच केली होती. पण २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये तपासणीवाचून घरीच गेले, त्यांचे काय? त्यांना गुस्ल दिला गेला, कफन घातले गेले. देणाऱ्याच्या तोंडावर साधा रुमाल. बायकांच्या मय्यतीला गुस्ल देणाऱ्या बाया तर कोणाच्याच हिशेबात नव्हत्या.

तिशीतल्या कब्र खोदणाऱ्याची पाळी १ मेला आली, तीही मोबाइलवर नोंदणी केली तर. पोर्टल तेव्हा इंग्रजीत. ओटीपी येईपर्यंत जागा संपायच्या. मेच्या मध्यावर राज्यात लसच कमी पडली आणि ४५ च्या आतल्यांचे लसीकरण थांबले. कब्रस्तानातले काम मात्र थांबले नव्हते.

आणि आम्ही शिक्षक? 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'साठी शिक्षक घरोघर फिरले होते. आम्हाला आधी लस द्या, अशा निवेदनावर आम्हीही सही केली. मागणी रास्त होती. ऑगस्ट २०२१ मध्ये शिक्षक दिनाआधी शिक्षकांना लस मिळावी म्हणून केंद्राने राज्यांसाठी दोन कोटींहून जास्त जादा मात्रा जाहीर केल्या. आमच्याकडे संघटना होती, लेटरहेड होते. त्या निवेदनात कब्र खोदणाऱ्यांसाठी एक ओळ आम्ही घातली नाही. जमातीलाही सुचले नाही. मशिदीच्या रंगकामाचा पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या जमातीने दहा नावांचा कागद तहसीलला दिला नाही.

१८९७ च्या प्लेगात मुंबईत हाफकिनची लस आली, तेव्हा लोकांचे भय घालवायला आगाखानांनी आपल्या अनुयायांदेखत ती टोचून घेतली. आमच्या इमामाला, गुस्ल देणाऱ्याला आधी लस मिळाली असती, तर मोहल्ल्यात कोणाला भाषण करावे लागले नसते.

आता आम्ही जमातीच्या वहीत ही नावे लिहायला घेतली आहेत. नक्कल आरोग्य केंद्रात द्यायची आहे. पुरुषांची नावे एका बैठकीत झाली. बायांची नावे सांगा म्हटल्यावर कोणी बोलेना. ते पान अजून कोरे आहे.