एक एचपी जास्तीचा मोह

परवाच्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. विषय एकच, स्विमिंग पूलच्या पंपाची जळालेली मोटर. पूल आठ दिवस बंद, पाण्याला हिरवट झाक आलेली, सुट्टीतली पोरं आयांच्या डोक्यावर बसलेली. त्यामुळे सगळ्यांना घाई. आणि घाईत आपण काय ठरवतो? "दोनची जळली ना, मग आता तीन एचपीची घेऊन टाकू. पुढेमागे उपयोगी पडेल!"

मुलाचा शाळेचा गणवेश दोन बोटं मोठा घेतात ना, तसंच हे. गणवेशाच्या बाबतीत ते शहाणपणाचं असेलही, पण मोटरच्या बाबतीत नाही. मी मीटिंगमध्ये हात वर केला, पण तोवर चहा आला होता. म्हणून आता इथे लिहितो. (आई, हो, मी पुन्हा सोसायटीच्या भानगडीत पडलोय.)

मुद्दा अगदी साधा आहे. पाणी मोटर ढकलत नाही, पंपातला इंपेलर, म्हणजे ती पात्यांची चकती, ढकलते. मोटर फक्त तिला फिरवते. तीच चकती, तेच आरपीएम ठेवून तीन एचपीची मोटर जोडली, तर पाणी जवळजवळ पूर्वीइतकंच येणार. मोटर कमी भारावर चालणार, पॉवर फॅक्टर घसरणार आणि जास्तीचे पैसे वाया. दोन पोळ्या खाणाऱ्याच्या पानात तीन वाढल्या म्हणून त्याची भूक वाढत नाही.

"मग चकतीही मोठी बसवू," असं एक काका म्हणालेच. काका, इथे माझं तुमच्याशी खरं भांडण आहे. आपल्या पूलमध्ये साधारण दीड लाख लिटर पाणी आहे. ते सहा तासांत एकदा गाळून निघायला तासाला पंचवीस हजार लिटर पुरतं, आणि आपले पाइप नि वाळूचा फिल्टर त्याच हिशोबाने बसवलेले आहेत. त्यातून जबरदस्तीने जास्त पाणी लोटलं, तर वाळूत वाटा पडतात आणि घाण न गाळता परत पूलमध्ये येते. शिवाय तळाच्या जाळीपाशी ओढ वाढते. ती जाळीही ठरावीक प्रवाहासाठीच बनवलेली असते.

ही ओढ म्हणजे काय, ते सांगतो. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात २००२ मध्ये हॉट टबच्या तळाच्या जाळीला ओढीने चिकटली आणि बुडून गेली. त्यानंतर २००७ मध्ये तिच्या नावाने तिथे जाळ्यांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. आपल्या पूलमध्ये संध्याकाळी पाचला माझी भाची तळाला हात लावून यायची शर्यत लावते. मला 'पुढेमागे उपयोगी' असलेला तो तिसरा एचपी नको आहे.

आता दुसरा गट. त्यांचं म्हणणं, नवी कशाला, जुनीच रिवाइंड करा, स्वस्तात काम होईल. त्यांना एकच गणित विचारतो. ही मोटर साधारण पावणेदोन-दोन किलोवॅट ओढते. रोज दहा तास म्हणजे अठरा-वीस युनिट. दर दहा रुपये धरा, वर्षाला पासष्ट-सत्तर हजार! मोटरच्या किमतीत दोन-चार हजार वाचवायला आपण तासभर भांडतो आणि दरवर्षीच्या या रकमेकडे बघतही नाही. हलगर्जीपणे केलेल्या रिवाइंडिंगने मोटरची कार्यक्षमता घटते, ती दर महिन्याच्या बिलात गुपचूप भरत राहायची.

माझं मत विचाराल (कोणी विचारलेलं नाही), तर दोन एचपीचीच, थ्री फेज, चांगल्या कार्यक्षमतेची, म्हणजे आयई ३ दर्जाची मोटर घ्या आणि तिला व्हीएफडी जोडा. पंपाचा वेग निम्मा केला की पाणी निम्मं येतं, पण वीज सिद्धांताने आठवा हिस्सा लागते. दुप्पट तास चालवला तरी चौथा हिस्सा. प्रत्यक्षात बचत याहून कमी होईल आणि फिल्टर धुताना पूर्ण वेग लागेलच, तरीही फरक मोठाच राहतो. अमेरिकेत जुलै २०२१ पासून पूलच्या पंपांना कार्यक्षमतेचे नियम लागू झाले, तेही याच गणितामुळे. नवी मोटर घेताना जुन्या पाटीवरचे आरपीएम, व्होल्टेज, फ्रेम आणि शाफ्ट जुळवून घ्या. आणि सील नवीन टाका.

सीलवरून आठवलं. त्या तासाभरात 'मोटर जळली का?' हे कोणीही विचारलं नाही. मीही नाही. दुसऱ्या दिवशी पंपरूममध्ये गेलो, तर पंपाखाली एक आइस्क्रीमचा रिकामा डबा ठेवलेला. पूल सांभाळणारा दादा म्हणाला, "सील गळतंय साहेब, दिवाळीपासून. पाणी बेअरिंगमधून आत जायचं. वहीत लिहिलंय मी." वही पाहिली. पाच वेळा लिहिलं होतं, तारखेसकट. प्रत्येक नोंदीखाली कमिटीची सही होती. त्यातली एक माझी.

असो. पुढच्या रविवारी पुन्हा मीटिंग आहे. तीन एचपीच्या बाजूने बोलायचं असेल त्यांनी खुशाल बोलावं, पण आधी त्या दादाला आत बोलवा, खुर्ची द्या आणि त्याची वही वाचा. चहा त्यानंतर.