सहा दिवस आणि सहा चेंडू

क्रिकेटवर लिहितो म्हटले असते तर आमच्या संपादकांनी लेख न वाचताच पान राखून ठेवले असते. बेसबॉलवर लिहितो म्हटल्यावर मात्र त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी अंकात ग्रीक व्याकरण छापा म्हणतो आहे. त्यांचा दोष नाही. २०२४ सालापर्यंत बेसबॉलची बॅट म्हणजे हिंदी चित्रपटातल्या गुंडाच्या हातातला दंडुका, एवढेच मलाही ठाऊक होते. पण मला जे म्हणायचे आहे ते शेवटी आपल्या जिमखान्याच्या मैदानापर्यंत येऊन पोचणार आहे. तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत ताईच्या बाळंतपणासाठी आई अमेरिकेला गेली. आईला विमानाची आणि इंग्रजीची सारखीच धास्ती, म्हणून सोबतीला मी. ताई आणि दाजी नॉर्थ कॅरोलायना राज्यात, रॅले या शहरात राहतात. बाळ झाले, बारसे झाले, आणि मग माझ्या लक्षात आले की ज्या घरात बाळंतीण, बाळ आणि आजी आहे त्या घरात एकवीस वर्षांच्या मामाला काडीचेही काम नसते. डिंकाचे लाडू खाणे हे काम धरले तर गोष्ट वेगळी. दाजींच्या शेजारी एक निवृत्त शाळामास्तर राहत. मी त्यांना मनातल्या मनात आजोबाच म्हणत असे. माझी अवस्था पाहून त्यांनी विचारले, ‘मॅचला येतोस?’ आणि मला गाडीत घालून अर्ध्या तासावरच्या झेब्युलन या गावी घेऊन गेले.

झेब्युलन हे लहानसे गाव. तिथल्या मैदानावर त्या वर्षी कॅरोलायना मडकॅट्स नावाचा संघ खेळत असे. मडकॅट म्हणजे चिखलातला मिशीवाला मासा. संघाला असले नाव ठेवायला मोठे मन लागते. हा काही टीव्हीवर दिसणारा संघ नव्हता. अमेरिकेत मोठ्या लीगच्या तीस संघांपैकी प्रत्येकाच्या हाताखाली असे चार लहान संघ असतात. सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए अशा या चार पायऱ्या. २०२१ साली पुष्कळ गावांचे संघ कमी करून हा आकडा १२० वर आणला गेला. झेब्युलनला होती ती सगळ्यांत खालची, सिंगल-ए ची पायरी. इथली मुले अठरा-एकोणीस-वीस वर्षांची, म्हणजे आपल्या एफ. वाय., एस. वाय. च्या वर्गातली. मैदानात उतरलेल्या त्या मुलांपैकी फार थोडी कधी काळी मोठ्या लीगपर्यंत पोचतात. हे सगळ्यांना ठाऊक असते, त्या मुलांनाही.

त्यांचे काही फार लाड होतात असेही समजू नका. २०२३ साली या लहान लीगमधल्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला, तेव्हा सिंगल-ए मधला किमान पगार वर्षाला सुमारे ११,००० डॉलरवरून २६,२०० वर गेला. राहायला जागा देणे क्लबांवर बंधनकारक झाले तेही २०२२ पासूनच. त्याआधी गावातली माणसे या पोरांना आपल्या घरी ठेवून घेत. आजोबांकडे असे दोघे वेगवेगळ्या वर्षी राहून गेले होते. त्यांतला एक आता विमा विकतो आणि नाताळात न चुकता पत्र पाठवतो. दुसऱ्याबद्दल आजोबा बोलले नाहीत.

खेळाचे नियम सांगत बसत नाही, पण दोन गोष्टी सांगाव्याच लागतील. चेंडू फेकणारा पिचर साडेसाठ फुटांवरून फेकतो. आपली खेळपट्टी सहासष्ट फुटांची, म्हणजे फलंदाज जवळजवळ तितक्याच अंतरावर. पण चेंडू टप्पा न पडता थेट येतो, आणि ताशी दीडशे किलोमीटरने आला तर विचार करायला अर्धा सेकंदही मिळत नाही. तीन चुकले की बाद. उलट पिचरने चार चेंडू बाहेर फेकले आणि फलंदाजाने मोह आवरला, तर पहिला बेस फुकट. उत्तम फलंदाजसुद्धा दहांतून तीनदाच यशस्वी होतो. म्हणजे हा खेळ बघायचा तर माणसाला अपयशी होताना बघण्याची सवय हवी.

आणखी एक व्यवस्था मला फार आवडली. पाहुणा संघ मंगळवारी येतो आणि रविवारपर्यंत त्याच मैदानावर रोज एक, असे सहा सामने खेळतो, सोमवारी सुटी. म्हणजे एखाद्या मुलाला लागोपाठ सहा दिवस बघता येते. मे महिन्यातल्या अशाच एका आठवड्यात मी तो मुलगा पाहिला. त्याचे नाव देत नाही. एकोणीस वर्षांचा, डॉमिनिकन रिपब्लिक या बेटावरच्या देशातला. तिथे तीसही मोठ्या संघांच्या अकादम्या आहेत, आणि सोळाव्या वर्षी मुलांशी करार होतात. हा दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा सांभाळे. तिला शॉर्टस्टॉप म्हणतात.

मंगळवारी तो चार वेळा बॅटिंगला आला आणि तीन वेळा एकाच प्रकारे बाद झाला. चेंडू सरळ येतो असे वाटे आणि शेवटच्या क्षणी बाहेरच्या बाजूला खाली वळे. हा बॅट फिरवून मोकळा. शिवाय एक साधा चेंडू त्याच्या पायांमधून गेला. मी आजोबांना म्हटले, ‘या मुलाचं काही खरं नाही.’ आजोबा आपल्या वहीत खुणा करीत होते. ते वर न बघता म्हणाले, ‘आज मंगळवार आहे.’ मला वाटले त्यांना ऐकू आले नाही.

बुधवारी एक फटका बसला, दोनदा तोच वळणारा चेंडू चुकला. गुरुवारी त्याला बसवून ठेवले होते. आमची जागा त्यांच्या बाकाच्या अगदी समोर होती, म्हणून दिसले. इतर राखीव मुले सूर्यफुलाच्या बिया चघळत गप्पा मारीत होती. हा मात्र कठड्यावर कोपरे टेकून पिचरकडे बघत होता, आणि बाद होऊन परत येणाऱ्या प्रत्येकाला हाताने वळण काढून काहीतरी विचारत होता. शुक्रवारी तोच चेंडू पुन्हा आला. त्याची बॅट निघाली, अर्ध्यावर थांबली, आणि चेंडू बाहेर गेला. बस्, एवढेच. टाळी वाजली नाही. पुढच्या चेंडूवर तो झेल देऊन बादही झाला. पण आजोबांनी पेन्सिलीने माझ्या गुडघ्यावर टकटक केले.

रविवारी दुपारच्या सामन्यात त्याने दोन वेळा तो चेंडू सोडला आणि दोन्ही वेळा फुकटचा पहिला बेस मिळवला. सहा दिवसांचा हिशेब माझ्या वहीत आहे: चार फटके, नऊ वेळा हुकून बाद, एक क्षेत्ररक्षणाची चूक. कागदावर हे आकडे बघून कोणीही म्हणेल की आठवडा वाया गेला. त्या आठवड्याच्या ज्या चित्रफिती मोबाईलवर फिरल्या, त्यांत दुसऱ्याच एका मुलाचा होमरन होता. थांबलेल्या बॅटची चित्रफीत कोण काढणार?

या मुलांना बघणे हा तिकडे एक व्यवसायच आहे. प्लेटच्या मागच्या खुर्च्यांवर अधूनमधून स्काऊट बसलेले दिसत: हातात वेग मोजण्याची बंदूक (आपल्याकडे महामार्गावर पोलिसांजवळ असते तीच), दुसऱ्या हातात स्टॉपवॉच, मांडीवर वही. पहिल्या बेसपर्यंतचे नव्वद फूट मुलाने किती सेकंदांत कापले, ते दशांशात लिहायचे. प्रत्येक गुणाला २० ते ८० मध्ये गुण द्यायचे. ५० म्हणजे मोठ्या लीगमधला सर्वसाधारण. पंचवीस वर्षे पेपर तपासलेल्या आपल्या प्राध्यापकांनाही ही पद्धत आवडावी, कारण तीत शून्य देण्याची सोयच नाही.

आता कोणी म्हणेल, एवढे डोळे वापरून तरी ते काय साधतात? आक्षेप खरा आहे. माइक पियाझा हा फलंदाज १९८८ साली निवडला गेला तो ६२ व्या फेरीत, १,३९० व्या क्रमांकावर, आणि तोही वडिलांची संघाच्या व्यवस्थापकाशी दोस्ती होती म्हणून. त्याने पुढे ४२७ होमरन मारले आणि २०१६ साली त्याला हॉल ऑफ फेममध्ये मानाचे स्थान मिळाले. त्या वार्षिक निवडीच्या फेऱ्या २०२१ पासून फक्त वीस उरल्या आहेत. आजच्या पियाझासाठी ६२ वी फेरीच नाही. उलट नॉर्थ कॅरोलायनातल्याच बोफर्ट गावचा ब्रायन टेलर १९९१ साली साऱ्या देशात पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. एका शाळकरी पोराला साडेपंधरा लाख डॉलर मिळाले. १९९३ च्या डिसेंबरात भावाची बाजू घेऊन तो एका मारामारीत पडला, चेंडू फेकायचा खांदा दुखावला, आणि मोठ्या लीगचा एकही सामना तो कधी खेळला नाही. असले भविष्य कोणत्या स्काऊटला वहीत लिहिता येणार?

यावर उपाय म्हणून नव्या काळाने कॅमेरे आणले. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज या संघाने २०१७ साली आपल्या कित्येक स्काऊटांना निरोप दिला, आणि त्याच वर्षी अजिंक्यपदही मिळवले. (त्याच संघाने प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा कॅमेऱ्याने टिपून चोरल्या होत्या, हे २०१९ मध्ये उघडकीस आले. कॅमेऱ्यावर फारच श्रद्धा म्हणायची.) कॅमेरा चेंडूची गती, फिरकी, बॅटचा कोन सगळे अचूक सांगतो, आणि त्याला हिणवण्यात अर्थ नाही. बंदुकीच्या भरवशावर केलेली निवड तर आपल्याच देशात झाली. २००८ साली एका टीव्ही स्पर्धेत, सर्वांत वेगाने आणि अचूक कोण फेकतो हे पाहून, उत्तर प्रदेशातले भाला फेकणारे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल निवडले गेले. बेसबॉलचा सामनाही त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता. पिट्सबर्गच्या संघाने दोघांना करारबद्ध केले, आणि रिंकू सिंगने २०११ साली याच सिंगल-ए च्या पायरीपर्यंत मजल मारली. हसण्यासारखी ही गोष्ट नाही. पण त्यांना शिकायला मिळाले ते पुढे, रोज कोणीतरी बघत होते तेव्हा. बंदुकीने फक्त दार उघडले.

हे सारे मला इतके का लागते, तेही सांगून टाकतो. पंधराव्या वर्षी मी सोळा वर्षांखालील क्रिकेट संघाच्या निवड चाचणीला गेलो होतो. कोणत्या संघाच्या, ते महत्त्वाचे नाही. वडिलांनी बिनपगारी रजा काढली, पहाटे पाचची एस. टी. धरली. सात वाजता रांगेत उभा राहिलो. आमच्यापुढे दोनशे तरी मुले असतील. दुपारी साडेतीनला माझा नंबर आला. सहा चेंडू. दुसऱ्यावर दांडी गेली, चौथा बॅटच्या कडेला लागला, सहावा मात्र मी सरळ आणि जमिनीलगत मारला. तो मारला तेव्हा निवड करणारे गृहस्थ चहाचा कप खाली ठेवायला वळले होते. ‘नेक्स्ट.’ परतीच्या प्रवासात वडील एकदाच बोलले, ‘शेवटचा चांगला लागला.’

मी मोठा खेळाडू झालो असतो असा माझा मुळीच दावा नाही. बहुधा नसतोच झालो. पण ते मला कोणी सांगितले नाही. मला फक्त पुढे सरकवले.

त्या डॉमिनिकन मुलाचे पुढे काय झाले ते मी इंटरनेटवर बघत असे. त्या हंगामाअखेर त्याचे आकडे किंचित सुधारले होते. २०२५ च्या मार्चमध्ये, सराव शिबिर चालू असताना, मुक्त केलेल्या खेळाडूंच्या यादीत त्याचे नाव आले. एक ओळ, तारीख, संपले. मला दोन दिवस वाईट वाटत राहिले. मी आजोबांना कळवले, तर त्यांचे उत्तर आले की क्लबाने त्याला तीन वर्षे बघितले होते, आपण सहा दिवस. त्यांना आपल्यापेक्षा काही जास्त दिसले असेल. हे मला पटते. नव्हे, त्याचा मला हेवा वाटतो. तीन वर्षे त्याला उन्हात, पावसात, चुकताना, सुधारताना पाहिले आणि मग नाही म्हटले. माझ्या वाट्याला सहा चेंडूंचे ‘नाही’ आले.

आता आपल्या कॉलेजकडे येतो. आपल्या संघाची निवड चाचणी दरवर्षी जुलैत एका दुपारी उरकली जाते. आधीच्या वर्षी खेळलेल्यांची नावे ठरलेली असतात. नवख्यांना दहा-बारा चेंडू. पाऊस आला तर तेवढेही नाहीत, आणि मग कोणाच्या मोबाईलमध्ये कोणती चित्रफीत आहे त्यावर निकाल लागतो. क्रीडाशिक्षक एकटे, मुले साठ-सत्तर. त्यांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही. माझे म्हणणे इतकेच, की चाचणी एका दुपारऐवजी एक आठवडा चालावी. सकाळी लेक्चरच्या आधी, सात ते साडेनऊ, त्याच मुलांना रोज खेळवावे. खर्च फार तर चेंडूंचा. आणि कामाला माणसे कमी पडत असतील तर आपल्याकडे पहिल्या वर्षापासून तिसऱ्या वर्षापर्यंत इतके विद्यार्थी आहेत, की ज्यांना कॅन्टीनच्या पायरीवर बसून संघाची निवड कशी चुकली हे तोंडपाठ सांगता येते. त्यांनी आठवडाभर मैदानाच्या कडेला बसून लिहून ठेवावे.

क्रीडाशिक्षकांकडे मी तसा अर्ज दिला आहे. ‘बघू’ असे त्यांनी म्हटले आहे. मी तोपर्यंत बाहेर पडलेला असेन, पण मंगळवार ते रविवार सहाही दिवस वही घेऊन येईन. ज्यांना यायचे असेल त्यांनी सकाळी सातला पिंपळाखाली यावे. पेन्सिल आणावी, पावसात शाई फुटते.