फळी, भेग आणि आठळी

आमच्या घरी नवे टेबल आल्यापासून पाहुणे दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, 'मधे ही काच बसवलीत का?' आणि दुसरा, 'कितीला पडलं?' पहिल्याचे उत्तर सोपे आहे. ती काच नाही, इपॉक्सी रेझिन आहे. दुसऱ्या प्रश्नाशी मात्र, उभा जन्म बँकेत ताळेबंद जुळवण्यात गेलेला असूनही, मी अडखळतो. दुकानात तयार टेबल मिळाले असते त्याच्या दीडपट पैसे गेले, हा रोकड हिशेब. बाकीचा हिशेब लिहायला हा लेख.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, दापोली या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत झोपल्या. आमच्या गावच्या घरामागचा फणसही त्यात गेला. आजोबांनी लावलेला, बरक्या नव्हे, चांगला कापा फणस. जूनचा आरंभ म्हणजे फणसाचा ऐन हंगाम. झाड पडले ते अंगावर फळे घेऊन.

टाळेबंदीमुळे मला जाता आले नाही. गेलो तो ऑक्टोबरात. गावी थोरला भाऊ असतो. घराची कौले, वाडी, विहीर सारे तोच पाहतो. मी म्हटले, "दादा, खोडाच्या फळ्या काढून घेऊ. एक मी नेतो, आठवण म्हणून." दादा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "झाड उभं होतं तेव्हा फणस काढायला आला नाहीस कधी. आता पडल्यावर फळी न्यायला आलास होय?"

यावर उत्तर नव्हते. फळी मात्र मिळाली.

फणसाचे लाकूड कोकणात घराघरांतून आहे, दारांना, खांबांना, देव्हाऱ्यांना. ताजे कापले की हळदीसारखे पिवळे दिसते आणि वर्षे जातील तसे तांबूस-तपकिरी होत जाते. पण ओले लाकूड कामाचे नाही. इंचाला एक वर्ष वाळवावे, असा जुना अडाखा आहे. आमच्या दोन इंची फळ्या पडवीत, मधे पट्ट्या घालून, टोकांना रंग फासून, तीन पावसाळे पडून होत्या. त्यांना उलटीपालटी कोणी केले? अर्थात दादाने. मी पुण्यातून फोनवर चौकशी करीत होतो.

फळी पुण्यात आली तेव्हा तिला मधोमध हातभर लांब भेग पडलेली होती. आमचे सुतार म्हणाले, "साहेब, एवढा भाग कापून टाकू आणि दोन तुकडे जोडू. नाहीतर भुसा आणि फेव्हिकॉलची लांबी भरू." दोन्ही पर्याय शहाणपणाचे होते. पण मुलीने मोबाइलवर रेझिनची टेबले दाखवली आणि माझ्या डोक्यात भूत शिरले. अमेरिकेतल्या ग्रेग क्लासेन या कारागिराने फळ्यांच्या मधे निळी काच बसवून नदीसारखी दिसणारी टेबले केली. पुढे काचेच्या जागी रेझिन आले आणि जगभर ही हौस पसरली.

रेझिन म्हणजे राळ, आणि राळ आपल्याला नवी नाही. होडीच्या फटी कापूस आणि राळेने बुजवणारी माणसे आमच्या किनाऱ्यावर होती. अ‍ॅरल्डाइटच्या दोन नळ्याही प्रत्येक घरात येऊन गेल्या आहेत. इपॉक्सी ही त्याच जातीची वस्तू. एका डब्यात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही सांगितलेल्या प्रमाणात मिसळले की त्यांची अभिक्रिया होऊन कायमचा घट्ट पदार्थ तयार होतो.

इथे माझी पहिली फजिती झाली. लवकर घट्ट व्हावे म्हणून मी हार्डनर थोडा जास्त घातला. नेमके उलटे झाले. इपॉक्सीत हार्डनर हा अभिक्रियेतला बरोबरीचा भागीदार आहे. त्याचा जास्तीचा अंश जोडीदाराविना उरतो आणि सगळे चिकट, मऊ राहते. खात्यात शंभर रुपये जास्त आले तरी ताळा चुकतोच, हे तरुण कारकुनांना शिकवणाऱ्या मला कळायला हवे होते. दोन दिवस खरवडत बसलो.

दुसरी फजिती मोठी. मे महिन्यातली दुपार, गच्चीवर मी सगळी भेग एकाच ओतात भरली. अभिक्रियेत उष्णता निर्माण होते आणि जाड थरातून ती बाहेर पडू शकत नाही. पाहता पाहता रेझिन तापले, धूर निघाला आणि भेगेत भरलेल्या रेझिनलाच भेगा पडल्या. साधे रेझिन पातळ थरांनीच ओतायचे असते. जाड ओतायचे तर त्यासाठी वेगळे, सावकाश घट्ट होणारे रेझिन मिळते. मर्यादा डब्यावर छापलेली असते. पण गिऱ्हाइकांनी अटी वाचाव्यात म्हणून जन्मभर तळमळलेला माणूस स्वतः मात्र डबा वाचत नाही.

तिसऱ्या खेपेला शहाणा झालो. वजनकाट्यावर मोजून घेतले. भेगेच्या कडांना आधी रेझिनचा पातळ हात दिला, म्हणजे लाकडातली हवा बुडबुडे होऊन वर येत नाही. खालून पट्टी लावून सिलिकॉनने फटी बंद केल्या, कारण पातळ रेझिन मुंगी जाईल तिथून गळते. हातमोजे घातले, कारण याची त्वचेला एकदा अ‍ॅलर्जी झाली की पुढे सुटत नाही. घासताना नाकाला मास्क, कारण ती धूळ फुफ्फुसांना चांगली नाही. थर ओतायचा, थांबायचे, पुन्हा ओतायचे. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरपासून ४०० पर्यंत घासत जायचे. असे तीन आठवडे गेले. सौ. म्हणाली, "नोकरीत असताना इतका वेळ घराला दिला असतात तर!" तिचे म्हणणे खोटे नव्हते.

आता मुद्द्याचे. या खटाटोपात मला एक गोष्ट पटली आणि एक खटकली.

पटली ती ही, की भेग हा फळीचा दोष नव्हे. झाड वाळते, आक्रसते, त्याची ती खूण असते. ती कापून टाकण्यापेक्षा सांभाळून भरावी. घरातल्या माणसांच्या बाबतीतही आपण एवढे केले तरी पुष्कळ.

खटकले ते मात्र रेझिनचे वेड. हल्ली लग्नातल्या वरमाला रेझिनमध्ये बुडवून भिंतीवर लावतात. बाळाचे जावळ, पहिला बूट, काय वाटेल ते त्यात गोठवतात. भावना मी समजतो, मीही त्यातलाच. पण फुलांनी सुकावे, निर्माल्य व्हावे, यातच त्यांचे फूलपण आहे. शिवाय इपॉक्सी हे एक प्रकारचे प्लास्टिकच. ते एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळवून वापरता येत नाही. आपल्या आठवणी पुढच्या पिढीच्या कचऱ्यात ढकलण्याचा आपल्याला काय अधिकार? आणि ज्या चिरंतनपणासाठी हे करायचे तोही खरा नाही. उन्हाने रेझिन पिवळे पडते. म्हणून माझे मत असे, की रेझिन भेगेपुरते वापरावे. हातभर नदीसाठी वीतभर लाकूड, असा व्यवहार नको.

गेल्या दिवाळीत दादा आला. टेबलावरून हात फिरवला, बोटाने ठकठक केले. "फळी चांगली राखलीस," म्हणाला. सौ.ने घाईत गरम पातेले तसेच टेकवले. रेझिनला उष्णता सोसत नाही, वाटोळा डाग उठला. मी कळवळलो. दादा हसला. "असू दे रे. वापरायलाच केलंय ना?"

मग चहा पिता पिता सहज सांगितल्यासारखे त्याने सांगितले. वादळानंतर तिसऱ्या दिवशी, पडलेल्या झाडाचे दोन पिकले फणस फोडून त्याने आठळ्या लगेच मातीत घातल्या होत्या. फणसाची आठळी ठेवून देता येत नाही, वाळली की रुजत नाही. त्यातली एक जगली. रोप आता त्याच्या डोक्यावर गेले आहे.

"एवढ्या वर्षांत बोलला नाहीस!" मी म्हटले.

"तू फळीचंच विचारत होतास," दादा म्हणाला.

घरच्या घरी टेबल जरूर करावे. हाताला काम मिळते, डोके ठिकाणावर येते. पण हिशेब पुरा करायचा तर सांगतो, आमच्या फणसाची आठवण खरी ज्याने राखली, त्याला त्यासाठी एक थेंबही रेझिन लागले नाही. येत्या हंगामात मी गावी जाणार आहे. फळ धरायला त्या रोपाला अजून अवकाश असेल. पाणी घालायला तर कोणीतरी लागेलच.