उकिरड्यावरचे कर्जखत

धर्मग्रंथ कसा हाताळावा, याचे ज्यू धर्मशास्त्रातले नियम फार बारीक आहेत. पुस्तक पालथे ठेवायचे नाही. जमिनीवर ठेवायचे नाही. हातून पडले तर उचलून त्याचे चुंबन घ्यायचे. तोरावर, म्हणजे मोशेच्या पंचग्रंथावर, दुसरा कुठलाही ग्रंथ रचायचा नाही. जीर्ण झाले की गनिझात, म्हणजे अशा ग्रंथांसाठी राखलेल्या जागेत, ठेवायचे, पुढे दफन करायचे. हे सगळे पुस्तक तयार झाल्यानंतरचे. तालमूद या धर्मचर्चेच्या ग्रंथातली एक नोंद मात्र त्याच्याही मागे जाते. शाई अजून दौतीतच असते तिथपर्यंत.

ती नोंद अशी : ग्रीक सत्तेने ज्यूंना ईश्वराचे नाव घ्यायला बंदी केली होती. त्या सत्तेला हरवून हश्मोनी हे ज्यू घराणे प्रबळ झाले आणि उलटे फर्मान निघाले : नाव लिहा, कर्जखतावरसुद्धा लिहा. खतावर महायाजकाच्या कारकिर्दीचे वर्ष घालायचे आणि त्यातच परात्पर देवाचे नावही यायचे. काल जे उच्चारायची चोरी होती, ते आज सावकाराच्या दप्तरात. भाविकाला यात खटकण्यासारखे काय वाटणार?

धर्मपंडितांना खटकले. उद्या कर्जदार कर्ज फेडेल आणि खत उकिरड्यावर जाईल, असे ते म्हणाले. त्यांनी ती प्रथा मोडली. ती मोडली तो ३ तिश्रीचा, म्हणजे ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याचा तिसरा, दिवस सणाचा ठरवला.

ईश्वराचे नाव कागदावरून उतरले म्हणून सण! विजयी राज्यकर्त्यांना नाव किती ठिकाणी झळकते ते दिसत होते. पंडितांना उकिरडा दिसत होता. ग्रंथाच्या आदराचे इतके नियम वाचले, पण मला त्या उकिरड्याइतका नेमका शब्द कुठे सापडला नाही.

आज इस्राएलमध्ये दर शब्बाथला सिनेगॉगांत त्या आठवड्याच्या तोरापाठावरच्या पत्रकांचे गठ्ठे येऊन पडतात. सोबत जाहिराती. ईश्वराच्या पूर्ण नावाऐवजी एखादे अक्षर छापण्याची काळजी बहुतेक जण घेतात. ती योग्यच आहे, पण पुरेशी नाही. धर्मवचने असलेला कागद तेवढ्याने रद्दी होत नाही. शब्बाथ सरला की पत्रक शिळे. मग ते गनिझाच्या पेटीत कोंबायचे. वापरून वापरून झिजलेल्या ग्रंथासाठी ठेवलेल्या जागेत, धड न वाचलेला कागद. दफनाची सोय आहे म्हणून वाटेल तेवढे छापावे, असे धर्मशास्त्र कुठेही सांगत नाही. हा आदर नव्हे, ही विल्हेवाट आहे.

तो सण आता पाळला जात नाही. ३ तिश्रीला ज्यू उपवास करतात, तो यहूदाचा अधिपती गदल्या याच्या हत्येच्या स्मरणार्थ. पत्रके काढणाऱ्यांनी त्या दिवशी ते कर्जखतही आठवावे, आणि पुढच्या आठवड्याच्या प्रती निम्म्या कराव्यात.