कमी उजेडातले चेहरे टिपताना : लेन्स कोणती घ्यावी?

घरातले एखादे वडीलधारे माणूस गेले की तेराव्याच्या आत भिंतीवर लावायला फोटो शोधण्याची धावपळ सुरू होते. मोबाइलमध्ये हजारो फोटो असतात. पण त्या माणसाचा एकट्याचा, स्वच्छ, पाहताक्षणी ‘हे आपले अण्णा’ असे वाटावे असा फोटो काही सापडत नाही. मग कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून चेहरा कापून मोठा केला जातो, नाही तर ओळखपत्रावरचा फोटो चौकटीत बसवला जातो.

असे होते, कारण आपली माणसे जिथे खरी आपली असतात, त्या जागी उजेड कमी असतो. स्वयंपाकघरातला दिवा, संध्याकाळची पडवी, आरतीच्या वेळचे देवघर, झोपाळ्यावर वाचत बसलेले आजोबा. हौसेने घेतलेला कॅमेरा अशा ठिकाणी हमखास दगा देतो. फोटो हलतात, दाणेदार येतात, नाही तर फ्लॅशच्या झगझगाटात चेहरे पांढरेफटक पडतात. यावर उपाय बहुतेक वेळा नवा कॅमेरा घेणे हा नसतो. उपाय असतो एक साधी, लहानशी, मोठ्या तोंडाची लेन्स. तिलाच छायाचित्रकार ‘फास्ट प्राइम’ म्हणतात. ती निवडायची कशी, ते आज पाहू.

फास्ट म्हणजे काय?

प्राइम लेन्स म्हणजे जिची फोकल लेन्थ ठरलेली असते, जी झूम होत नाही अशी लेन्स. चेहरा मोठा हवा असेल तर आपणच दोन पावले पुढे जायचे. फास्ट म्हणजे जिचे छिद्र पुष्कळ मोठे उघडते आणि जी कमी वेळात जास्त उजेड आत घेते. छिद्राचा आकार ‘एफ’ आकड्याने सांगतात. इथे एक गंमत ध्यानात ठेवावी : आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे.

कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स पुरती लांब केली की तिचे छिद्र एफ ५.६ च्या पलीकडे उघडत नाही. ५० मिलिमीटरची साधी प्राइम एफ १.८ पर्यंत उघडते. हिशेब केला तर ती जवळजवळ साडेनऊपट उजेड आत घेते. म्हणजे किट लेन्सला जो फोटो घ्यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, तो हिला सुमारे शंभराव्या भागात घेता येतो. दहाव्या भागात बोलणाऱ्या माणसाचे ओठ, मान, हात सारेच हलते. शंभराव्या भागात ते बऱ्यापैकी स्थिर मिळते.

‘माझ्या लेन्समध्ये कंप थोपवण्याची सोय आहे, मग ही कशाला?’ असे कुणी विचारील. ती सोय आपल्या हाताचा कंप थोपवते. समोरच्या नातवाची धावपळ थोपवत नाही. आणि उजेडाची तूट नुसत्या आयएसओने भरून काढायची म्हटले, तर ८०० वरून जवळपास ८००० वर जावे लागते. तेवढ्यावर चेहऱ्याचा पोत दाण्यांमध्ये हरवू लागतो.

ही धडपड जुनीच

छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये जगासमोर आली, तेव्हा चेहऱ्याचा फोटो काढून घेणाऱ्याला उन्हात मिनिटेच्या मिनिटे पुतळ्यासारखे बसावे लागे. व्हिएन्नातील गणिताचे प्राध्यापक जोसेफ पेट्झवाल यांनी १८४० मध्ये सुमारे एफ ३.६ ची लेन्स गणिताने आखली आणि हा वेळ एकदम खाली आला. चेहऱ्यांसाठी खास घडवलेली ती पहिली लेन्स. दुसरे टोक पाहायचे तर १९७५ सालचा ‘बॅरी लिंडन’ हा चित्रपट आठवावा. त्यातले काही प्रसंग दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांनी केवळ मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केले. त्यासाठी वापरलेली झाइस कंपनीची ५० मिलिमीटर, एफ ०.७ ची लेन्स मुळात अमेरिकेच्या नासा संस्थेसाठी बनवलेली होती. अशा दहाच लेन्स तयार झाल्या; त्यातल्या तीन कुब्रिक यांनी घेतल्या. आपल्याला निरांजनाच्या उजेडासाठी एवढा खटाटोप नको. एफ १.८ वर आपले काम भागते.

३५, ५० की ८५?

खरी निवड इथे आहे आणि ती आपल्या खोलीच्या मापावर ठरवावी. आधी आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर कोणता ते पाहा. घरगुती वापराच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत एपीएस-सी मापाचा लहान सेन्सर असतो. त्यावर कुठल्याही लेन्सची चौकट दीडपट, कॅननवर १.६ पट, आवळली जाते. म्हणून ५० ची लेन्स त्यावर ७५ किंवा ८० सारखी दिसते.

माणसाचा डोक्यापासून कमरेपर्यंत उभा फोटो घ्यायचा आहे असे धरू. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ३५ ची लेन्स लावली तर साधारण साडेचार फुटांवर उभे राहावे लागते. ५० ला सहा-साडेसहा फूट लागतात, तर ८५ ला दहा-अकरा फूट. आता दहा बाय दहाच्या खोलीत ८५ ची लेन्स घेऊन गेलात, तर आपली पाठ भिंतीला टेकेल आणि आजी सोफ्यावरून हलायला तयार नसतील! फुल फ्रेम कॅमेऱ्यावर मात्र हेच अंतर ५० ला सुमारे चार फूट आणि ८५ ला सात फूट एवढेच होते.

म्हणून ढोबळ सल्ला असा. एपीएस-सी कॅमेरा असेल आणि फक्त चेहरे टिपायचे असतील तर ५० घ्या. घर लहान असेल, चेहऱ्याबरोबर ओटा, देव्हारा, पाळणा असे थोडे घरही दिसायला हवे असेल तर ३५ घ्या. फुल फ्रेम असेल तर पहिली लेन्स ५० आणि हात बसल्यावर ८५. अंगण, सभागृह, लग्नाचा हॉल अशी ऐसपैस जागा मिळते त्यांना ८५ चे चेहरे फार आवडतात.

५० ला दुय्यम समजू नका. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याची लेन्स ५० मिलिमीटरचीच होती. थोर फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यातले बहुतेक काम ५० वरच केले.

दुकानात जाण्याआधी एक प्रयोग घरीच करा. तो फुकट आहे. किट लेन्स ३५ वर फिरवून चिकटपट्टीने घट्ट करा आणि एक रविवार तिने फोटो काढा. पुढच्या रविवारी ५० वर चिकटवा. ज्या रविवारी चिडचिड कमी झाली, ती लेन्स तुमची.

एफ १.८, १.४ की १.२?

दुकानदार महागडी लेन्स पुढे करील, तेव्हा हा हिशेब तोंडपाठ असू द्या. एफ १.४ ची लेन्स १.८ पेक्षा साधारण १.६ पट उजेड घेते, एफ १.२ ची सव्वादोन पट. किंमत मात्र कितीतरी पटींनी वाढते आणि वजनही. कॅननची आरएफ ५० एफ १.८ सुमारे १६० ग्रॅमची आहे, तर त्यांचीच एफ १.२ तब्बल ९५० ग्रॅमची. ज्यांचा व्यवसाय आहे त्यांचे गणित वेगळे. घरच्या अंदाजपत्रकात एफ १.८ हाच शहाणपणाचा आकडा. उरलेल्या पैशांत फोटो छापून घ्या.

आणखी एक गोष्ट. छिद्र मोठे उघडले की स्पष्ट दिसणारा पट्टा अगदी अरुंद होतो. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० ची लेन्स एफ १.८ वर ठेवून दोन मीटरवरचा चेहरा टिपला, तर जेमतेम ११-१२ सेंटीमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. एक मीटरवर तोच तीन सेंटीमीटरच्या आत येतो. डोळा स्पष्ट आणि कान धूसर! आजी आणि नात पुढे-मागे बसल्या असतील तर दोघींपैकी एकच स्पष्ट दिसेल. म्हणून एका चेहऱ्याला एफ २ ते २.८ आणि दोघा-तिघांना एफ ४ ठेवावे. वीस जणांच्या दोन रांगांच्या फोटोला ही लेन्स तारणार नाही. त्यांना दिवसा गॅलरीत किंवा अंगणातच उभे करावे.

विकत घेताना

आपल्या कॅमेऱ्याला ती लेन्स बसते का आणि फोकस आपोआप होतो का, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. निकॉनच्या जुन्या ‘एएफ-डी’ प्रकारच्या ५० मिलिमीटर लेन्स स्वस्तात मिळतात. पण त्यांच्यात मोटर नसते. डी ३००० किंवा डी ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांतही ती नसते. अशा जोडीत फोकस हातानेच करावा लागतो. त्या कॅमेऱ्यांसाठी ‘एएफ-एस’ असे लिहिलेली लेन्स घ्यावी. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स नव्या मिररलेस कॅमेऱ्यांवर लावायला अॅडॉप्टर लागतो. त्याची किंमत हिशेबात धरा. आपला कॅमेरा सोबत घेऊन जा, लेन्स लावून दुकानातच दहा फोटो काढा आणि भारतातली हमी असलेले बिल मागून घ्या.

जुनी लेन्स घेत असाल तर मोबाइलची बॅटरी पेटवून काचेतून आरपार पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. ती लेन्स स्वस्तात मिळाली तरी परत ठेवा. कोकण, मुंबई, गोवा, कोलकाता अशा दमट हवेच्या ठिकाणी तर आपली नवी लेन्सही जपावी लागते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी वापरा. चामड्याच्या पिशवीत कपाटात कोंडून ठेवू नका.

मोबाइल आहे की!

हा प्रश्न रास्त आहे. अनेक मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यावरही एफ १.८ असा आकडा दिसतो. पण त्यामागचा सेन्सर नखाएवढा असतो, त्यामुळे एकूण गोळा होणारा उजेड कमीच. मागची धूसरता तो गणिताने रंगवतो आणि भुरभुरणाऱ्या केसांपाशी, चष्म्याच्या काडीपाशी फसतो. शिवाय त्याची चौकट रुंद असल्याने चेहरा मोठा घेण्यासाठी आपण फार जवळ जातो आणि नाक मोठे दिसू लागते. रोजच्या आठवणींना मोबाइल उत्तमच. पण मोठा करून भिंतीवर लावायचा चेहरा सहा फुटांवरून, लेन्सनेच घ्यावा.

लेन्स आल्यावर

कॅमेऱ्याची तबकडी ‘ए’ किंवा ‘एव्ही’वर फिरवा, छिद्र एफ २ ठेवा, आयएसओ आपोआप वर जाऊ द्या, मात्र शटरचा वेग शंभराव्या भागाखाली उतरणार नाही याकडे लक्ष असू द्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूब आणि काही एलईडी दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. एक शतांश सेकंद ठेवला की फोटोवर पट्टे येण्याचा त्रासही टळतो. फोकस नेहमी जवळच्या डोळ्यावर. माणसाला भिंतीपासून तीन-चार फूट पुढे बसवा. खिडकी त्यांच्या एका बाजूला येऊ द्या. पांढरी ट्यूब आणि पिवळा दिवा एकत्र असतील तर एक मालवा.

आणि ‘जरा हसा’ म्हणू नका. भाजी निवडू द्या, पेपर वाचू द्या, जुनी गोष्ट सांगू द्या. घरातल्या प्रत्येक माणसाचा असा एक फोटो या महिन्यात काढा आणि चांगल्या कागदावर छापून ज्याचा त्याला द्या. आजोबा आपला फोटो चष्मा पुसून पुन्हा पाहतील, ‘एवढा का मी म्हातारा दिसतो?’ असे म्हणतील आणि तो उशाशी ठेवतील.