माज नेमका कुणाला आलाय?

भोसरी, मोशी, चिखली, चाकण. पुण्याजवळच्या या पट्ट्यात ‘गुंठामंत्री’ म्हणजे कोण, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जमीन विकली, दारात पांढरी फॉर्च्युनर लागली, गळ्यात बोटभर जाडीची चेन आली, की गाव म्हणायला मोकळं: माज आलाय! हाच शब्द गोठ्यातही चालतो. गाय-म्हैस माजावर येते. गुंठा म्हणजे अवघे १,०८९ चौरस फूट. तो विकणारा माजलेला, आणि त्यावर सात मजले चढवणारा मात्र ‘यशस्वी उद्योजक’.

इंग्रजीतही गर्वाला शब्द कमी नाहीत. ‘सुपरसिलियस’च्या मुळाशी भुवईचा लॅटिन शब्द आहे, ‘हॉटी’च्या मुळाशी फ्रेंचमधली उंची. ‘अ‍ॅरोगन्ट’ म्हणजे मुळात नको तो हक्क स्वतःकडे ओढणारा. पण अग्रलेखांचा लाडका ‘ह्युब्रिस’ निराळा. आज त्याचा अर्थ सर्वनाश ओढवणारा गर्व असा घेतात. प्राचीन अथेन्समध्ये तो चक्क गुन्हा होता, त्यासाठी खटला भरता येई. स्वतःचा काही फायदा नसताना, निव्वळ मजा म्हणून दुसऱ्याची मानहानी करणं, अशी अ‍ॅरिस्टॉटलने त्याची फोड केली; तरुण आणि श्रीमंत यात पुढे असतात, हेही सांगून ठेवलं. मिडियस नावाच्या धनाढ्याने ऐन उत्सवात, भरल्या नाट्यगृहात डेमोस्थेनिस या वक्त्याच्या तोंडावर ठोसा मारला. त्याच्याविरुद्ध डेमोस्थेनिसने लिहिलेलं भाषण आजही वाचायला मिळतं.

हीच कसोटी इथे लावून बघावी. चेनमुळे कुणाचं काही बिघडत नाही. पण शिफ्ट सुटायच्या वेळी चाकणच्या तळेगाव चौकात नंबरप्लेटवर ४१४१ चा ‘दादा’ केलेली गाडी उलट्या बाजूने घुसते, आणि वर दुचाकीवरच्या कंत्राटी कामगारालाच शिवी हासडते, तो अस्सल ह्युब्रिस. (ती नंबरप्लेट १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही बसत नाही, ते वेगळंच.)

आणि व्यक्तींपाशीच का थांबायचं? १९८२ साली महापालिका झालेलं पिंपरी-चिंचवड पुढे वर्षानुवर्षं ‘आशियातली सर्वांत श्रीमंत महापालिका’ म्हणून मिरवलं. याच शहरासाठी पवना धरणातून बंद जलवाहिनी आणायचं ठरलं. मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तीन आंदोलक शेतकरी ठार झाले. माज हा शब्द वापरायचाच होता, तर तो त्या दिवशी, बंदुकीच्या आणि सत्तेच्या बाजूला वापरायला हवा होता.