भंगारात घालण्याआधी उघडा

जुन्या गाडीचा लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, म्हणजेच एलएसडी, ढिला पडला की सल्ला ठरलेला असतो: ‘दुरुस्तीच्या नादी लागू नका, दुसरा टाका.’ तीस वर्षं चाललेल्या वस्तूवर पैसा कशाला घालायचा, हा त्यामागचा युक्तिवाद. तो ऐकायला व्यवहारी वाटतो, पण आत कोणत्या प्रकारचा एलएसडी आहे हे विचारायची तसदी कोणी घेत नाही.

१९८०च्या दशकातली बीएमडब्ल्यू ई३० घ्या. डिफरन्शियलवरच्या पट्टीवर गुणोत्तराआधी ‘एस’ असेल, तर आत क्लचप्लेटांचा एलएसडी असतो. त्याचं मूळ लॉकिंग २५ टक्के. एका चाकाची पकड सुटली तरी प्लेटांच्या घर्षणामुळे दुसऱ्याला जोर मिळतो. प्लेटा झिजल्या की हे काम थांबतं, पण क्राऊन आणि पिनियन बहुधा ठणठणीत असतात. झिजणारा भाग बदलता यावा, अशीच ही रचना आहे. एलएसडी काढताना पिनियनला हातही लावावा लागत नाही. नव्या प्लेटा बसवायच्या, टॉर्क पान्याने घर्षण मोजायचं, शिमा जागच्या जागी घालून बॅकलॅश तपासायचा. काम नाजूक आहे खरं, पण भंगारातून आणलेल्या ‘दुसऱ्या’च्या प्लेटा किती उरल्यात, हे तरी कोण सांगणार?

काही वेळा तर उघडायचीही गरज नसते. सावकाश वळताना मागून येणारी थरथर अनेकदा चुकीच्या तेलाची असते; घर्षण सौम्य करणारं मिश्रण असलेलं योग्य तेल भरलं की ती जाते.

मग बदलूच नये? तसंही नाही. अमेरिकेत १९९० ते १९९३ दरम्यान विकलेल्या १.६ लिटरच्या माझ्दा मियाटात व्हिस्कस एलएसडी मिळे. त्याचा जोर सीलबंद सिलिकॉन द्रवावर असतो. तो निकामी झाल्यावर डिफरन्शियलचं तेल कितीही बदला, उपयोग शून्य. इथे १९९४ नंतरच्या १.८ लिटर गाडीचा टॉर्सन टाकणंच शहाणपणाचं. टॉर्सनमध्ये झिजणाऱ्या क्लचप्लेटा नाहीत, गिअरच काम करतात.

मात्र ‘एका दिवसात बसतो’ म्हणणारे पुढचं सांगत नाहीत. क्राऊन ६ ऐवजी ७ इंची, म्हणून हाफ शाफ्ट आणि प्रोपेलर शाफ्टही जुळवावे लागतात. गुणोत्तर ४.३ वरून ४.१ वर येतं. स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालतो. त्याचा गिअर तोच ठेवला, तर १०० च्या खऱ्या वेगाला काटा सुमारे ५ ने कमी दाखवणार. दंडाची पावती मात्र पुऱ्या वेगाची!

राहिला डिफरन्शियल वेल्ड करण्याचा जुगाड. दोन्ही चाकं सारखीच फिरल्याने प्रत्येक वळणावर टायर घासतात. रोजच्या गाडीला तो नकोच.

जुनी ई३० घेणाऱ्याने पट्टीवरच्या ‘एस’वर विसंबू नये. मागची दोन्ही चाकं उचलून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एक चाक हाताने फिरवावं. दुसरं उलट दिशेला फिरलं, तर आत एलएसडी नाही किंवा त्याच्या प्लेटा संपल्या आहेत. किंमत त्यानुसार बोलावी.